आडोशाचे काँक्रीट : आय. एस. ४५६ : २००० मधील टिकाऊपणाच्या तरतुदींची कार्बोनेशनच्या संदर्भात चिकित्सा

सारांश

भारतातील प्रबलित काँक्रीटच्या बांधकामाचे नियमन करणाऱ्या आय. एस. ४५६ या संहितेच्या २००० सालच्या आवृत्तीत टिकाऊपणाच्या विचाराला मोठे स्थान देण्यात आले. मात्र उघड्या हवेतील काँक्रीटमध्ये संथपणे घडणाऱ्या कार्बोनेशन या प्रक्रियेला त्या विचारात स्वतंत्र जागा मिळाली नाही. संहितेतील पर्यावरणीय वर्गीकरण प्रामुख्याने पाऊस, समुद्र, क्षार आणि गोठण यांच्या तीव्रतेवर आधारलेले आहे. परिणामी, पावसापासून झाकलेला परंतु हवेला खुला असलेला पृष्ठभाग सुरक्षित समजला जाण्यास वाव राहतो. प्रस्तुत लेखात या वर्गीकरणाची, आवरणाच्या तरतुदींची आणि सिमेंटविषयक तरतुदींची चिकित्सा केली असून तिचे व्यावहारिक परिणाम मांडले आहेत.

बीजसंज्ञा : प्रबलित काँक्रीट, कार्बोनेशन, आवरण, सापेक्ष आर्द्रता, टिकाऊपणा, आय. एस. ४५६

१. प्रास्ताविक

जुन्या वाड्यांच्या बांधकामात घाणीत मळलेला चुना वापरला जाई. हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा कठीण होतो. काळ जाईल तसा चुना पक्का होतो, हा गवंड्यांचा अनुभव याच रासायनिक क्रियेवर आधारलेला आहे. हीच क्रिया सिमेंट काँक्रीटमध्येही घडते. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो, छिद्रांतील पाण्यात विरघळतो आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट तयार करतो. साध्या काँक्रीटला यापासून धोका नाही. उलट त्याचा पृष्ठभाग काहीसा अधिक घट्ट होतो. प्रबलित काँक्रीटमध्ये मात्र याच क्रियेचा अर्थ बदलतो, कारण तेथे चुन्याच्या आश्रयाने पोलादाची सळई उभी असते.

ताज्या काँक्रीटमधील छिद्रजलाचा सामू साधारणतः १२.५ ते १३.५ असतो. एवढ्या अल्कधर्मी परिसरात सळईवर ऑक्साइडचा अत्यंत पातळ असा निष्क्रिय थर टिकून राहतो आणि गंज चढत नाही. कार्बोनेशनमुळे सामू ९ च्या खाली उतरतो, तेव्हा हा थर नष्ट होतो. त्यानंतर ओलावा आणि प्राणवायू मिळताच गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असू शकते. या फुगवट्याचा ताण आवरणातील काँक्रीटला सहन होत नाही. सळईच्या रेषेत तडे जातात, पोपडे सुटतात आणि अखेरीस छताचा अथवा छज्ज्याचा तुकडा खाली येतो.

हे शास्त्र नवीन नाही. स्वीडनमधील क्योस्ती टूट्टी यांनी १९८२ मध्ये गंजाच्या प्रक्रियेची ‘प्रारंभपूर्व अवस्था’ आणि ‘प्रसाराची अवस्था’ अशी विभागणी मांडली व पुढील काळात ती सर्वत्र स्वीकारली गेली. पहिल्या अवस्थेत कार्बोनेशनची सीमा सळईपर्यंत पोहोचते. या काळात बाहेरून काहीही दिसत नाही. दुसऱ्या अवस्थेत गंज वाढतो व नुकसान दृश्य होते. संहितेने टिकाऊपणाची हमी द्यावयाची, तर तिचे मुख्य काम पहिल्या, अदृश्य अवस्थेत आहे. या कसोटीवर २००० ची आवृत्ती कितपत उतरते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२. संहितेची वाटचाल आणि २००० च्या आवृत्तीचे श्रेय

आय. एस. ४५६ ही संहिता प्रथम १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९५७, १९६४, १९७८ व २००० या वर्षी तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. १९७८ च्या आवृत्तीत प्रबलित काँक्रीटसाठी एम १५ ही प्रत चालत असे आणि स्लॅबमधील सळईला १५ मिलिमीटर आवरण पुरेसे मानले जाई. १९८० आणि १९९० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या असंख्य निवासी इमारती, शाळा, महाविद्यालये आणि शासकीय कार्यालये या तरतुदींची अपत्ये आहेत.

त्या पार्श्वभूमीवर २००० च्या आवृत्तीचे श्रेय मान्य करावयास हवे. तिने प्रबलित काँक्रीटची किमान प्रत एम २० वर नेली. पर्यावरणाचे वर्ग तीनांवरून पाच केले : सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र आणि आत्यंतिक. प्रत्येक वर्गासाठी सिमेंटचे किमान प्रमाण, पाणी-सिमेंट गुणोत्तराची कमाल मर्यादा आणि काँक्रीटची किमान प्रत ठरवून दिली. आवरण मोजताना केवळ मुख्य सळई न धरता रिंगांसह सर्व पोलाद धरावे, हा दंडकही महत्त्वाचा ठरला. बळकटीइतकाच टिकाऊपणा महत्त्वाचा आहे, ही जाणीव या आवृत्तीने अभियंत्यांच्या पिढीत रुजवली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

तथापि या आवृत्तीतील टिकाऊपणाच्या आठव्या कलमाची रचना पाहिली की एक विसंगती लक्षात येते. त्यात घर्षण, गोठण-वितळण, सल्फेट, क्लोराइड, अल्कली-खडी अभिक्रिया, आक्रमक माती आणि समुद्रजल यांना स्वतंत्र उपकलमे आहेत. हिमालयाचा पट्टा वगळता ज्या देशात काँक्रीट क्वचितच गोठते, तेथे गोठणाला उपकलम मिळाले. देशातील प्रत्येक उघड्या इमारतीवर अहोरात्र काम करणाऱ्या कार्बोनेशनला मात्र मिळाले नाही. ही केवळ मांडणीतील उणीव असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु तिचे पडसाद वर्गीकरणात, आवरणाच्या कोष्टकात आणि सिमेंटविषयक तरतुदींतही उमटले आहेत.

३. ‘संरक्षित’ या शब्दाचा प्रश्न

संहितेनुसार हवामानापासून वा आक्रमक परिस्थितीपासून संरक्षित असलेले पृष्ठभाग, किनारपट्टीचा अपवाद वगळता, सौम्य वर्गात मोडतात. जोरदार पावसापासून आडोसा असलेले पृष्ठभाग मध्यम वर्गात आणि जोरदार पाऊस किंवा आलटून-पालटून भिजणे व वाळणे सोसणारे पृष्ठभाग तीव्र वर्गात येतात. येथे वर्ग चढण्याचा क्रम ओलाव्याच्या चढत्या क्रमाशी जोडलेला आहे. पाणी जितके अधिक, तितका धोका अधिक, हे त्यामागील गृहीतक होय. गंजाच्या दुसऱ्या अवस्थेपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. पहिल्या अवस्थेला मात्र ते लागू पडत नाही.

कार्बोनेशनचा वेग सापेक्ष आर्द्रता साधारण ५० ते ७० टक्के असताना सर्वाधिक असतो. काँक्रीटची छिद्रे पाण्याने भरलेली असतील, तर वायूला आत जाण्यास वाट मिळत नाही. पूर्ण कोरडी असतील, तर वायू विरघळण्यास पाणी मिळत नाही. म्हणूनच पावसात भिजणाऱ्या भिंतीपेक्षा त्याच इमारतीतील झाकलेल्या परंतु उघड्या भागात कार्बोनेशन अधिक खोलवर गेलेले आढळते. व्हरांड्याचे छत, उघडा जिना, छज्ज्याची खालची बाजू, तळमजल्यावरील खांबांची मोकळी वाहनतळे हे सर्व असे भाग आहेत. आडोसा पावसाला अडवतो. हवेला अडवत नाही.

युरोपीय मानक ई. एन. २०६-१ हेही २००० सालचेच. त्यात कार्बोनेशनसाठी एक्स सी १ ते एक्स सी ४ असे चार स्वतंत्र वर्ग असून क्लोराइड, समुद्रजल, गोठण व रासायनिक आक्रमण यांचे वर्ग त्यांपासून वेगळे ठेवले आहेत. कमी आर्द्रतेच्या इमारतीचा अंतर्भाग एक्स सी १ मध्ये येतो. पावसापासून आडोसा असलेले बाह्य काँक्रीट आणि मध्यम वा अधिक आर्द्रतेचा अंतर्भाग एक्स सी ३ मध्ये येतो. म्हणजे ‘आत’ आणि ‘आडोशाला’ या दोन स्थिती तेथे स्पष्टपणे निराळ्या मानल्या आहेत.

भारतीय संहितेतील पाच वर्गांची घडण ब्रिटनच्या १९८५ सालच्या बी. एस. ८११० या संहितेतील वर्गांशी जवळचे साम्य दर्शवते. थंड हवेच्या देशात ‘हवामानापासून संरक्षित’ म्हटले की बंद दारे-खिडक्यांची, तापवलेली आणि म्हणून कोरडी राहणारी खोली डोळ्यांसमोर येते. तेथे कार्बोनेशन झाले, तरी ओलाव्याअभावी गंज वाढत नाही. त्या अर्थाने तो वर्ग खरोखरच सौम्य ठरतो. आपल्याकडील घर, शाळा वा कार्यालय हवेशीर असावे अशीच अपेक्षा असते. त्यांचा आतला भाग बाहेरच्या हवेपासून तुटलेला नसतो. शब्द तोच राहिला. त्यामागील वास्तू मात्र बदलली.

संहितेच्या बाजूने असे म्हणता येईल की, व्हरांडा वा मोकळे वाहनतळ हे भाग ‘पावसापासून आडोसा’ या वर्णनानुसार मध्यम वर्गातच घ्यावयाचे आहेत. हा युक्तिवाद ग्राह्य आहे; परंतु ‘हवामानापासून संरक्षित’ आणि ‘जोरदार पावसापासून आडोसा असलेले’ या दोन वर्णनांतील सीमारेषा संहिता आखून देत नाही. नकाशावरील सर्वसाधारण टिपांमध्ये अनेकदा संपूर्ण इमारतीसाठी एकच वर्ग नोंदवला जातो. कोणत्या कारणाने कोणता वर्ग, हे न सांगणारे वर्गीकरण अशा सरसकट वाचनाला आळा घालू शकत नाही.

४. आवरण आणि वर्गमूळाचा नियम

कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. याचा व्यत्यास अधिक महत्त्वाचा आहे : सळईपर्यंत पोहोचण्यास लागणारा काळ आवरणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आवरण दुप्पट केले, तर काळ चौपट होतो. उदाहरणादाखल, पहिल्या वर्षी ४ मिलिमीटर खोली गाठणारे काँक्रीट घेतले, तर १५ मिलिमीटर आवरण ओलांडण्यास सुमारे १४ वर्षे, २० मिलिमीटरला २५ वर्षे, ३० मिलिमीटरला सुमारे ५६ वर्षे आणि ४० मिलिमीटरला १०० वर्षे लागतील. काँक्रीटच्या दर्जानुसार हे आकडे बदलतील. त्यांतील परस्पर प्रमाण बदलणार नाही.

या नियमाच्या प्रकाशात संहितेचे आवरणाचे कोष्टक पाहावे. सौम्य वर्गासाठी २०, मध्यमसाठी ३०, तीव्रसाठी ४५, अतितीव्रसाठी ५० आणि आत्यंतिकसाठी ७५ मिलिमीटर आवरण विहित आहे. कोष्टकाच्या टिपेनुसार सौम्य वर्गात १२ मिलिमीटरपर्यंतच्या मुख्य सळईसाठी आवरण ५ मिलिमीटरने कमी करता येते. स्लॅबमधील सळई बहुधा याच व्यासाची असते. म्हणजे स्लॅबपुरते पुन्हा १९७८ च्या १५ मिलिमीटरवर येऊन थांबता येते. टिपेतील ही सवलत दिसावयास किरकोळ आहे. परंतु २० वरून १५ वर येताना प्रारंभपूर्व काळ जवळजवळ ४४ टक्क्यांनी घटतो.

युरोपीय पद्धतीत पन्नास वर्षांच्या नेहमीच्या आयुर्मर्यादेसाठी एक्स सी ३ वर्गातील किमान आवरण २५ मिलिमीटर असून त्यात बांधकामातील संभाव्य चुकीसाठी सामान्यतः १० मिलिमीटर मिळवले जातात. त्यामुळे नकाशावर ३५ मिलिमीटर आवरण दर्शवले जाते. भारतीय संहिता विहित आवरणापेक्षा कमी आवरण मुळीच चालणार नाही असे बजावते, परंतु चुकीसाठी वेगळी रक्कम धरून ठेवत नाही. ज्या कामावर कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवला जातो आणि काँक्रीट ओतताना सळयांवरून पाट्या घेऊन ये-जा चालते, तेथे ही अपेक्षा कागदावरच राहण्याचा संभव अधिक.

दोष संहितेचा नसून कारागिरीचा आहे, असा आक्षेप येथे घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण तो आक्षेप संहितेला दोषमुक्त करत नाही. ३५ मिलिमीटर आवरणात ५ मिलिमीटरची चूक झाली, तर प्रारंभपूर्व काळ सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो; २० मिलिमीटर आवरणात तेवढ्याच चुकीने ४४ टक्के काळ हातचा जातो. पातळ आवरण हे कारागिरीच्या चुकीला अधिक महाग करते. कारागिरीची स्थिती ठाऊक असताना पातळ आवरणाला परवानगी देणे हा संहितेचाच निर्णय होय.

याशिवाय संहितेत टिकाऊपणाची व्याख्या आहे, पण वर्षांचा आकडा नाही. किती वर्षे टिकणे म्हणजे टिकाऊ, हे न सांगता ठरवलेले आवरण तपासून पाहण्यास मार्गच उरत नाही. पुलांसाठीच्या आय. आर. सी. ११२ : २०११ या संहितेने सामान्य पुलांसाठी १०० वर्षांचे आयुर्मान स्पष्टपणे गृहीत धरले. इमारतींच्या बाबतीत तसे करणे अशक्य होते, असे दिसत नाही.

५. सिमेंट, क्युरिंग आणि बदलती हवा

२००० नंतर इमारतींच्या बांधकामात राखमिश्रित पोझोलाना सिमेंटचा वापर सर्वत्र पसरला. आय. एस. १४८९ च्या पहिल्या भागाच्या २०१५ च्या आवृत्तीनुसार त्यात १५ ते ३५ टक्के राख असू शकते. क्लोराइडला रोखण्यात हे सिमेंट सरस ठरते, औद्योगिक टाकाऊ पदार्थाचाही उपयोग होतो. म्हणून त्याचा पुरस्कार योग्यच आहे. परंतु राख चुना खर्च करते आणि मुळात क्लिंकरचे प्रमाणही कमी असते, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडला थोपवणारा चुन्याचा साठा घटतो. दीर्घकाळ पाणी मिळाले, तर छिद्रे अधिक बारीक होऊन ही घट बऱ्याच अंशी भरून निघते; पाणी लवकर तोडले, तर दोन्हीकडून नुकसान होते.

संहितेने साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान दहा दिवस पाणी देण्यास सांगितले असून मिश्र सिमेंटच्या बाबतीत हा काळ चौदा दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस केली आहे. तरतूद योग्य आहे, परंतु तिच्यामागील कार्बोनेशनचे कारण सांगितलेले नाही. शिवाय सिमेंटच्या किमान प्रमाणात राख व स्लॅग ठरावीक मर्यादेत धरण्याची मुभा आहे. किनाऱ्यावर क्लोराइडसाठी हितकर असलेला पर्याय देशावरील आडोशाच्या काँक्रीटमध्ये, अपुऱ्या क्युरिंगसह, प्रतिकूल ठरू शकतो. यंत्रणांची वेगळी नोंद नसलेल्या वर्गीकरणात हा भेद मावत नाही. गोणपाट घालून खांबांना आणि स्लॅबच्या वरच्या बाजूस पाणी मारणे सोपे असते. सेंट्रिंग काढल्यानंतर स्लॅबच्या तळाला पाणी देण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. नेमका तोच पृष्ठभाग पुढे आडोशात राहतो.

हवेतही बदल झाला आहे. १९५८ मध्ये मौना लोआ येथे मोजमाप सुरू झाले, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होते. २०२० च्या दशकात ते ४२० च्या वर गेले. कार्बोनेशनचा वेग या प्रमाणाच्या वर्गमूळाशी निगडित असल्याने, इतर बाबी तशाच राहिल्या, तर केवळ या वाढीमुळे वेग सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. वाढ अचानक नाही, परंतु आवरणाचे आकडे ठरवताना ती गृहीत धरलेली नव्हती.

महाराष्ट्राच्या संदर्भात ऋतुचक्राचाही विचार आवश्यक आहे. पावसाळ्याचे चार महिने संपल्यानंतर काँक्रीट हळूहळू वाळते आणि कार्बोनेशनला अनुकूल अशी मध्यम आर्द्रतेची स्थिती निर्माण होते. पुढच्या पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांपलीकडे जाते, गच्ची किंवा वरच्या मजल्यावरील न्हाणीघर झिरपू लागते आणि कार्बोनेशन पूर्ण झालेल्या भागातील सळईला हवा तो ओलावा मिळतो. कोरडा काळ सळईचे संरक्षण काढून घेतो आणि ओला काळ गंज चढवतो. कोकण किनाऱ्यावर यात क्षारांची भर पडते, कारण सिमेंटने बांधून ठेवलेले क्लोराइड कार्बोनेशनमुळे पुन्हा मोकळे होते.

६. तपासणीतील तोच दृष्टिदोष

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र आवश्यक असते. अशा तपासणीच्या अहवालावर इमारत दुरुस्त करावी की पाडावी, आणि तेथील कुटुंबांनी कोठे जावे, हे ठरते. या तपासणीत रिबाउंड हॅमरचा वापर सर्रास होतो. कार्बोनेशनने पृष्ठभाग कठीण झाल्यामुळे हे उपकरण बळकटी प्रत्यक्षाहून अधिक दाखवते. टोकाच्या स्थितीत ही वाढ ५० टक्क्यांपर्यंत असू शकते, असा इशारा आय. एस. १३३११ च्या १९९२ च्या दुसऱ्या भागातच दिलेला होता. म्हणजे ज्या क्रियेने सळईचे संरक्षण हिरावले, तीच क्रिया तपासणीचा आकडा सुधारते. बळकटी मोजली म्हणजे टिकाऊपणा मोजला, हा समज येथे धोकादायक ठरतो.

यावरील उपाय खर्चिक नाही. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण शिंपडले असता अल्कधर्मी भाग गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो. ही खोली आणि प्रत्यक्ष मोजलेले आवरण शेजारी ठेवले की इमारत टूट्टी यांच्या कोणत्या अवस्थेत आहे, हे समजते. सीमा सळईपासून दूर असेल, तर पृष्ठभागावर योग्य लेप आणि गळतीचा बंदोबस्त पुरेसा ठरू शकतो. सीमा सळई ओलांडून गेली असेल, तर गंजलेल्या जागी केवळ गिलावा चढवणे म्हणजे दोष झाकणे होय.

७. समारोप

२००० च्या आवृत्तीने टिकाऊपणाचा विचार पुढे नेला, परंतु तो पाण्याभोवती बांधला. उघड्या हवेचा धोका त्या चौकटीत नीट बसला नाही. या आवृत्तीनुसार बांधलेल्या इमारती पुढील कित्येक दशके वापरात राहणार असल्याने, संहितेत भविष्यात कोणतेही बदल झाले, तरी ही उणीव ओळखून तिचे वाचन करणे अगत्याचे आहे. सौम्य वर्ग केवळ बंद व कोरड्या अंतर्भागापुरता मर्यादित ठेवावा. उघड्या आडोशातील पृष्ठभाग किमान मध्यम वर्गात धरावेत आणि त्यांना ५ मिलिमीटरची सवलत देऊ नये. वर्गाची नोंद इमारतीनिहाय न करता पृष्ठभागनिहाय करावी. आणि संरचनात्मक तपासणीत कार्बोनेशनची खोली व आवरण यांची एकत्र नोंद अनिवार्य मानावी, एवढे निष्कर्ष या चिकित्सेतून निघतात.

या कामात महाविद्यालयांना सहज सहभागी होता येईल. फिनॉल्फ्थॅलिन प्रत्येक रसायनशास्त्र विभागाच्या कपाटात असते, आर्द्रतेच्या नोंदी भूगोल विभागाच्या अभ्यासाचा भाग असतात आणि वेगवेगळ्या दशकांत बांधलेले व्हरांडे, जिने व छज्जे परिसरातच उभे असतात. दुरुस्तीसाठी फोडलेल्या प्रत्येक जागी खोली, आवरण, बांधकामाचे वर्ष आणि आडोशाचा प्रकार एवढे चार तपशील नोंदवले, तरी काही वर्षांत स्थानिक हवामानातील वेगाचा विश्वसनीय अंदाज हाती येईल. आवरणाचे आकडे परक्या हवामानातून उसने घेण्याऐवजी येथील हवेत मोजून ठरवण्याची सुरुवात अशा नोंदींतून होऊ शकते.